कंपनीच्या सभासदत्वातून मोठी लेन्स उसनी मिळते का?

प्रश्न (धंतोली, नागपूर):
नमस्कार. मी लग्नसमारंभांचे छायाचित्रण करतो आणि मे महिन्यात ताडोब्याला जाणार आहे. कॅननची सीपीएस आणि निकॉनची एनपीएस या व्यावसायिकांसाठीच्या योजनांतून ६०० मिमी एफ/४ लेन्स (दूरचे प्राणी टिपणारी मोठी लेन्स) काही दिवस वापरायला मिळू शकेल का?

उत्तर १:
या योजना छायाचित्रणावर पोट असणाऱ्यांसाठी आहेत, त्यामुळे त्याच कंपनीचे ठरावीक दर्जाचे कॅमेरे व लेन्स आपल्या मालकीचे असावे लागतात आणि त्यांचे अनुक्रमांक नोंदवावे लागतात. नियम देशागणिक आणि सभासदत्वाच्या श्रेणीनुसार बदलतात, म्हणून भारतातील अटी आधी वाचा. उसनवारी मुख्यतः खरेदीपूर्वी पारख करण्यासाठी, किंवा आपले उपकरण दुरुस्तीला असताना अडलेले काम निभावण्यासाठी असते. सुटीतल्या सफारीसाठी तिच्यावर विसंबू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

उत्तर २:
वरील मताशी सहमत. जामठ्याच्या क्रिकेट सामन्यासाठी मी अशी लेन्स उसनी आणली होती, तेव्हा पेटी उघडताच हूडच्या (लेन्सच्या तोंडावरच्या झापेच्या) कडेवरचा बारीक ओरखडा दिसला, पण घाईत त्याचा फोटो काढला नाही आणि परत करताना तो माझ्याच माथी आला. आपण पेटी उघडतानाच चारही बाजूंनी फोटो काढा आणि विम्याचे लेखी विचारून घ्या. शिवाय ही लेन्स सुमारे ३ किलोची असते. जिप्सीत लेन्स टेकवायला बीन बॅग हवीच.

प्रश्नकर्ता:
मनापासून आभार. सफारीसाठी भाड्याचीच लेन्स पाहतो.