ग्रेड ५ टायटॅनियम: ९५० अंशांवर ठोकूनही तिरप्या चिरा

हातोडा६०: ग्रेड ५ (६% ॲल्युमिनियम, ४% व्हॅनेडियम) चे ६० मिमी व्यासाचे, ९० मिमी उंच तुकडे ९५० अंश सेल्सिअसला तापवून हॅमरवर ठोकून ३० मिमी उंचीपर्यंत बसवतोय. फुगलेल्या कडेवर साधारण ४५ अंशांत चिरा पडतात. डाय (ज्या साच्यावर तुकडा ठोकतो ती) जेमतेम १०० पर्यंत तापलेली असते. तापमान ९९० करून बघू का?

बीटादाणा: ९९० अजिबात नको. बीटा ट्रान्सस (ज्याच्या वर सगळा माल बीटा या स्फटिकरूपात जातो ते तापमान) ९९५ च्या आसपास असतो, ऑक्सिजनच्या प्रमाणानुसार दर हीटला (एकत्र वितळवलेल्या लॉटला) थोडा वेगळा. त्यात हॅमरच्या घावाची उष्णता बाहेर पडायला वेळच मिळत नाही, गाभा आणखी तापतो. ट्रान्सस ओलांडला की बीटाचे दाणे भराभर वाढतात आणि तन्यता जाते.

खरी गोम थंड डायमध्ये आहे. टायटॅनियमची उष्णतावाहकता ७ वॅट प्रति मीटर-केल्विनच्या आसपास, त्यामुळे डायला टेकलेला थर गार पडतो पण गाभा गरमच राहतो. ९५० चं ८५० झालं की माल दुपटीने कडक होतो. वर-खाली दोन कडक शंकू तयार होतात आणि सगळी विकृती त्यांच्यामधल्या तिरप्या पट्ट्यात एकवटते. तिथला माल तापून आणखी मऊ होतो, मग आणखी तिथेच सरकतो. चीर त्याच पट्ट्यात उघडते.

एक तुकडा उभा कापा, पॉलिश करून क्रोल द्रावणाने एच करा (आम्लाने आतली रचना उघडी करा): २ मिली हायड्रोफ्लुओरिक, ६ मिली नायट्रिक, ९२ मिली पाणी. फुलीसारखे पट्टे दिसले तर हेच कारण. डाय २५०-३०० ला न्या, बिलेटला (ठोकायच्या तुकड्याला) काचेचा लेप द्या, आणि ८५० च्या खाली आलं की ठोकणं थांबवून पुन्हा भट्टीत.

हातोडा६०: कडेला पांढरा थर दिसला तर?

पिकलिंगवाला: तो अल्फा केस. भट्टीतला ऑक्सिजन शोषून ठिसूळ झालेला. बारीक चिरा तिथून सुरू होतात, म्हणून पुन्हा तापवण्याआधी ग्राइंड करा. शेवटी पिकलिंगमध्ये (आम्लात बुडवून पृष्ठभाग साफ करताना) नायट्रिक हायड्रोफ्लुओरिकच्या दहापट ठेवा, नाहीतर हायड्रोजन आत शिरतो. कॅल्शियम ग्लुकोनेट जेल (हायड्रोफ्लुओरिकने भाजल्यास लावायचं) हाताशी असल्याशिवाय हायड्रोफ्लुओरिक उघडू नका.

बीटादाणा: बारची मूळ रचनाही तपासा. पट्टेदार अल्फा (कमी तापमानाचं स्फटिकरूप, पातळ पट्ट्यांत वाढलेलं) असेल तर जुन्या बीटा दाण्यांच्या सीमांवर पोकळ्या पडतात आणि जुळून आतून फाटतं. असा माल हॅमरपेक्षा हायड्रॉलिक प्रेसवर सावकाश दाबलेला बरा, मात्र डाय आणखी गरम हवी, कारण संपर्काचा वेळ वाढतो.