जुन्या स्पोर्ट्स कारमध्ये नवी साउंड सिस्टीम बसवावी की नाही?

कापडीछत:
मागच्या आठवड्यात गाडीच्या दाराचं ट्रिम पहिल्यांदाच उघडलं. गाडी नव्वदच्या दशकातली, दोन सीटर, कापडी छत, रिअर व्हील ड्राइव्ह. स्पीकरचे चार स्क्रू काढले, स्पीकर हातात घेतला आणि कोनाभोवतीची फोमची कड बोट लागताच भुगा होऊन मांडीवर सांडली. कड म्हणून काही उरलीच नव्हती, कागदाचा कोन नुसता मधल्या आधारावर लटकत होता. म्हणजे इतकी वर्षं "जुन्या गाडीचा आवाज असाच असतो" असं समजून मी जे ऐकत होतो तो फाटक्या स्पीकरचा आवाज होता.

तेव्हा आता नीट सिस्टीम करायची ठरवलंय. एक डिनचा (म्हणजे जुन्या रेडिओच्या मापाचा) हेड युनिट, दारात नवे साडेसहा इंची कंपोनंट स्पीकर (बारीक सुरांचा स्पीकर वेगळा असतो ते), एक छोटा चार चॅनलचा क्लास डी (म्हणजे कमी तापणारा) अँप्लिफायर, आणि जमलं तर डिकीत सबवूफर, म्हणजे खालच्या सुरांचा मोठा स्पीकर. माझं म्हणणं असं की जुन्या स्पोर्ट्स कारमध्ये चांगला आवाज असण्यात काहीही गैर नाही, फक्त गाडीची एकही मूळ वायर कापायची नाही, पत्र्याला-डॅशबोर्डला नवीन भोक पाडायचं नाही, आणि एका दुपारी सगळं काढून मूळ रेडिओ परत लावता आला पाहिजे. माझ्या ओळखीतल्या गाडीवेड्या लोकांपैकी निम्मे म्हणतात पाप करतोयस. तुमचं मत सांगा, विरोधात असलं तरी स्पष्ट सांगा.

सरळसहा:
स्पष्टच सांगतो, माझा विरोध आहे. गाणी ऐकायची तर घरी ऐका, घरात कुठल्याही गाडीपेक्षा चांगलं ऐकू येतं. जुनी स्पोर्ट्स कार कशासाठी घेतो आपण? इनटेकचा तो घोगरा आवाज, चार हजार आरपीएमच्या पुढे एक्झॉस्टचा सूर बदलतो ते, गिअर सोडताना होणारी ती फटफट, यासाठीच ना? फेरारी एफ४० १९८७ साली आली तेव्हा तिच्यात एसी होता पण रेडिओ नव्हता, गालिचा नव्हता, दार उघडायला आतून हँडलच्या जागी एक केबल होती. त्या लोकांना स्पीकर लावता येत नव्हता म्हणून नाही, गाडी काय आहे ते त्यांना पक्कं ठाऊक होतं म्हणून.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. जुनी गाडी कानाने चालवावी लागते. माझ्या गाडीचं मागचं डावं व्हील बेअरिंग गेलं तेव्हा आधी फक्त उजव्या वळणावर एक बारीक गुणगुण यायची, सरळ रस्त्यावर बंद. ती ऐकू आली म्हणून चाक वेळेत उघडलं. गाणी चालू असती तर कळलं कधी असतं? चाक हलायला लागल्यावर. टॅपेटचा आवाज, मिसफायर, एक्झॉस्टच्या जोडातली गळती, सगळं कानालाच आधी कळतं, जुन्या गाडीला डॅशबोर्डवर सांगणारे सेन्सर कुठे असतात एवढे.

आणि वजन. सबवूफरचा डबा १५ किलो, अँप्लिफायर, वायरी, पत्र्याची थरथर थांबवायला दारात चिकटवायच्या बुटाइल शीट, बघता बघता ३० किलो होतात. हजार किलोच्या गाडीत ते जाणवतं, आणि सबवूफर डिकीत म्हणजे मागच्या चाकांच्याही मागे.

तांब्याची_तार:
सरळसहा, एफ४० चं उदाहरण बरोबर, पण दुसरी बाजूही सांगा की. मॅक्लारेन एफ१, १९९२. एकेका ग्रॅमसाठी भांडणारा डिझायनर, गॉर्डन मरे, वजन ११४० किलोच्या आत ठेवलं, आणि त्याच गाडीत केनवूड कंपनीकडून खास हलकी सीडी सिस्टीम बनवून घेतली, दहा डिस्कच्या चेंजरसकट. रेडिओ नाही दिला पण संगीत दिलं. म्हणजे वजनाचं वेड आणि चांगला आवाज एका माणसाच्या डोक्यात बसू शकतात.

आता वजनाचा खरा हिशोब. आजचा क्लास डी अँप्लिफायर दोन-अडीच किलोचा असतो. चार गेजची तांब्याची वायर पाच मीटर घेतली तर किलोभर. स्पीकर जुन्याच्या जागी नवा, तिथे फारसा फरक नाही. सबवूफर सोडला तर पाच किलोसुद्धा भरत नाही. अर्धी टाकी पेट्रोल यापेक्षा कितीतरी जड.

धागाकर्त्याला एक सल्ला. फक्त हेड युनिट बदलून थांबू नका. खोक्यावर "५० वॉट गुणिले ४" लिहिलेलं असतं ते खरं धरू नका. गाडी चालू असताना मिळतात १४.४ व्होल्ट, चार ओहमच्या स्पीकरवर त्यातून शुद्ध सूर काढायचा तर फार फार तर २६ वॉट निघतात आणि तेही कागदावर, प्रत्यक्षात १५ ते २० धरा. त्याच्या पुढे नॉब फिरवला की आवाज वाढत नाही, फाटतो. छत उघडं असताना आपण नेमकं तेच करतो आणि मग स्पीकरला शिव्या देतो. म्हणून छोटा अँप्लिफायर हवाच.

मूळरूप:
मी सरळसहा यांच्याइतकी टोकाची नाही, पण माझाही विरोध आहे, कारण "काही कापणार नाही" म्हणून सुरू झालेली कामं कशी संपतात ते मी उघडून पाहिलंय. माझी गाडी मी तिसरी मालकीण म्हणून घेतली. रेडिओ बाहेर ओढला तर मागे मूळ कनेक्टरच नाही, कुणीतरी कापून टाकलेला, त्याच्या जागी अकरा वायरी पीळ देऊन इन्सुलेशन टेपने गुंडाळलेल्या, टेपचा डिंक उन्हाने वितळून सगळीकडे काळा चिकट राडा. दोन वायरींचे पीळ उघडे पडून एकमेकींपासून नखाएवढ्या अंतरावर होते. हे माझ्या मांडीपासून वीतभर अंतरावर, आणि मी आठ महिने ती गाडी चालवत होते. मूळ हार्नेस (कनेक्टरसकट वायरींचा जुडगा) मिळेपर्यंत दीड वर्ष गेलं.

ज्याने कापला असेल त्यालाही तेव्हा वाटलं असणार की काय मोठंसं, एक कनेक्टर तर आहे.

ज्यांना फोनवरची गाणीच हवीत त्यांच्यासाठी सोपा रस्ता आहे. मूळ रेडिओच्या आत ब्लूटूथचा बोर्ड बसवून घ्या, कॅसेटच्या सिग्नलच्या जागी फोनचा सिग्नल जातो, बाहेरून बटणं, हिरवा डिस्प्ले सगळं जसंच्या तसं. मी तेच केलंय. स्पीकरची फोमची कड नवीन चिकटवून मिळते. तेवढं पुरतं.

कापडीछत:
मूळरूप, तुमचा राडा वाचून अंगावर काटा आला. माझा मूळ कनेक्टर शाबूत आहे, दुपारी टॉर्च घेऊन बघून आलो. अडॅप्टर हार्नेस लावणार, एका टोकाला माझ्या गाडीचा प्लग, दुसऱ्या टोकाला नव्या युनिटचा, मध्ये माझी कात्री नाही. पिवळी वायर कायम चालू आणि लाल चावीवर हे मल्टिमीटरने तपासूनच जोडणार, काही गाड्यांत ती जोडी उलटी असते हे माहितीये.

पण रेडिओच्या आत बोर्ड बसवण्याबद्दल मला वेगळं वाटतं. तुम्ही मूळ रेडिओ उघडून त्याच्यात सोल्डरिंग केलंत, मी मूळ रेडिओला हात न लावता कपाटात ठेवतोय. मूळ वस्तू जास्त कुणी जपली?

मूळरूप:
हा मुद्दा मान्य, तसा विचार केला नव्हता. तरीही डॅशबोर्डकडे बघताना निळ्या-जांभळ्या उजेडाचं आजचं यंत्र त्या काळच्या स्विचांमध्ये बसलेलं मला बघवत नाही. ते डोळ्याला रोज खुपतं, कपाटातली वस्तू दिसत नाही.

तांब्याची_तार:
डिस्प्लेच्या उजेडाचा रंग बदलता येईल असं युनिट घ्या, मीटरच्या उजेडाशी जुळवा, निम्मं खुपणं कमी होतं. पोर्शने स्वतःच आपल्या जुन्या ९११ साठी त्या काळच्या डॅशबोर्डला शोभेल असं एक डिनचं युनिट काढलंय, आत कारप्ले (आयफोन जोडायची सोय), बाहेरून जुने नॉब. गाडी बनवणाऱ्यालाच ते वावगं वाटत नाही.

मात्र एक इशारा, बाकी वाचणाऱ्यांसाठी. जुन्या गाडीत फॅक्टरीची महागडी सिस्टीम असेल तर आधी तिची रचना समजून घ्या. चौथ्या पिढीच्या कोर्व्हेटमध्ये १९८४ पासून पर्याय म्हणून मिळणाऱ्या डेल्को-बोस सिस्टीममध्ये प्रत्येक स्पीकरच्या डब्यात स्वतंत्र अँप्लिफायर होता. तिथे नुसता हेड युनिट बदलून साधं कनेक्शन दिलं तर कधी आवाज येणार नाही, कधी नुसता घरघराट. तिथे सगळं बदला नाहीतर आहे ते दुरुस्त करा, अर्धवट करू नका.

कान_जपा:
माझा मुद्दा वेगळाच आहे. उघड्या छताच्या जुन्या गाडीत हायवेला आतला गोंगाट सहज ८५ डेसिबलच्या आसपास जातो. ८५ डेसिबल आठ तास ही अमेरिकेतल्या निओश या संस्थेने कामाच्या जागेसाठी सुचवलेली मर्यादा, आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक. वाऱ्यावर मात करून गाणं ऐकू यायचं तर त्याच्या वर जावंच लागतं. म्हणजे तुम्ही जितकी ताकदवान सिस्टीम लावाल तितकी ती वाऱ्याशी शर्यत लावणार आणि ती शर्यत तुमच्या कानात होणार. मला डाव्या कानात तीन वर्षांपासून शिट्टी ऐकू येते, रात्री सगळं शांत झालं की जास्त. त्याचं कारण फक्त गाडी नाही, पण गाडीही आहे. हे मी तळमळीने सांगतोय, चेष्टेवारी नेऊ नका.

कापडीछत:
चेष्टेवारी नेत नाही, हा मुद्दा इथला सगळ्यात जड आहे. त्यावर उत्तर आहे असं नाही, पण माझा अनुभव सांगतो. फाटक्या स्पीकरवर शब्द कळावेत म्हणून मीच आवाज वाढवत राहायचो. मित्राच्या तशाच गाडीत चांगले स्पीकर आहेत, तिथे कमी आवाजात शब्द कळत होते, नॉब निम्म्यावरही नव्हता. आणि हायवेला छत उघडं असेल तर आता गाणी बंदच ठेवणार, तेव्हा तसंही खालचे सूर रस्त्याच्या घरघरीत बुडतात. मला ऐकायचंय ते संध्याकाळी, छत बंद, चाळीस-पन्नासच्या वेगात.

सरळसहा:
मग चाळीस-पन्नासच्या वेगासाठी डिकीत सबवूफर कशाला?

कापडीछत:
याला माझ्याकडे उत्तर नाही. दोन दिवस विचार केला, सबवूफर यादीतून काढला.

तांब्याची_तार:
चांगलं केलंत, पण मग खालचे सूर दारातूनच मिळवायचे, आणि ते स्पीकरवर नाही, दारावर ठरतं. कोन पुढे हवा ढकलतो तेव्हाच मागून ओढतो, दाराला मोठी भोकं राहिली तर मागची लाट पुढे येऊन पुढचीला खाऊन टाकते. म्हणून आतल्या पत्र्याची मोठी भोकं बंद करा, बाहेरच्या पत्र्याला आतून शीट लावा. सगळा पत्रा मढवायची गरज नाही, मधला भाग पुरतो, वजनही वाचतं. एवढ्या कामाने जो फरक पडतो तो दुप्पट वॉटनेही पडत नाही, वॉट दुप्पट केले तर मिळतात फक्त ३ डेसिबल.

मूळरूप:
आणि दाराच्या तळाची पाणी जायची भोकं चुकूनही बंद करू नका!! काचेवरून दारात पाणी उतरतंच, ते तिथून बाहेर पडतं. ती बुजली की दार आतून गंजतं आणि बाहेर फोड दिसेपर्यंत खालची कड गेलेली असते. जुन्या गाडीचं दार मिळत नाही हो. तसंच, दाराच्या आत जो प्लॅस्टिकचा कागद असतो तो फाडून फेकू नका, पाणी ट्रिमपर्यंत येऊ नये म्हणून तो आहे.

कान_जपा:
अँप्लिफायरचं एक बघा. माझ्या आधीच्या गाडीत ज्याने काम केलं त्याने अँप्लिफायर चालू करणारी रिमोटची वायर कायम चालू लाइनवर जोडली होती. गाडी उभी असली तरी तो जागाच. आपल्या या गाड्या पंधरा-पंधरा दिवस उभ्या असतात. अर्धा अँपिअर जरी गेला तरी दिवसाला १२ अँपिअर-तास, ४० ची बॅटरी चार दिवसांत संपली. काम झालं की चावी काढून, दारं लावून, बॅटरीच्या मायनसला मीटर लावून बघा, थोडा वेळ थांबल्यावर ५० मिलीअँपिअरच्या खाली आलं पाहिजे.

कापडीछत:
हे वहीत लिहून घेतलं. अल्टरनेटरचाही हिशोब केला. माझा ६० अँपिअरचा आहे. अँप्लिफायर ७५ गुणिले ४ चा, म्हणजे फुल जोर लावला तर २७ अँपिअरच्या आसपास, हेडलाइट ८-९, रेडिएटरचा पंखा, वायपर. संगीत सतत फुल जोरात नसतंच, तिसरा हिस्साही कधीकधीच, तेव्हा पुरेल. बॅटरी डिकीत असल्याने वायर छोटी, फ्यूज बॅटरीपासून वीतभरावर, अर्थिंगसाठी फॅक्टरीचाच बोल्ट, फक्त खालचा रंग खरवडून.

सरळसहा:
वाचतोय सगळं. माझं मत बदललेलं नाही, मी माझ्या गाडीत हे कधीच करणार नाही. पण करताच आहात तर स्पीकर पक्का करायच्या आधी काच पूर्ण खाली उतरवून बघा. नव्या स्पीकरचं मॅग्नेट जुन्यापेक्षा खोल असतं, काच वर असताना सगळं छान बसतं, लोक ट्रिम लावून मोकळे होतात आणि मग पहिल्यांदा काच खाली घेतली की खट्.

कापडीछत:
आत्ताच जाऊन बघितलं. डाव्या दारात ३ मिलिमीटर जागा राहते, उजव्या दारात काच मॅग्नेटला घासते, त्या बाजूची काच खाली गेल्यावर किंचित आत झुकते. स्पीकर काचेपासून लांब उचलायला १२ मिलिमीटरची रिंग कापतोय दोन्हीकडे, तेवढ्यात ट्रिम बसतं का ते उद्या उजेडात बघतो. थँक्यू राव, काच फुटली असती.