मोआबहून एका दिवसात आर्चेस आणि कॅनियनलँड्स: काय बघावं, काय सोडावं?

प्रश्न
ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात अमेरिकेतल्या युटात मोआबला मुक्काम आहे, फिरायला पूर्ण असा एकच दिवस. भाड्याची साधी सेडान, सोबत सत्तरीचे आईबाबा आणि दहा वर्षांची मुलगी. दोन्ही नॅशनल पार्क जमतील का? आर्चेसमधल्या डेलिकेट आर्च या दगडी कमानीपर्यंत चालणं आईबाबांना झेपेल?

प्रतिसाद १
जमतील, पण कॅनियनलँड्समध्ये फक्त 'आयलंड इन द स्काय' हा भाग धरा. नीडल्सचा भाग मोआबपासून सुमारे ७५ मैलांवर आहे, तिकडे वळलात की दिवस तिथेच संपला. आयलंडचं व्हिजिटर सेंटर ३२ मैल, पाऊण तास.

सकाळ तिकडे घालवा आणि दुपारनंतर आर्चेस करा, उलट नको. आयलंडवरची मेसा आर्च ही कमान पूर्वेकडे उघडी आहे. त्या दिवसांत सूर्य साडेसातच्या सुमारास उगवतो आणि खालच्या कड्यावर पडलेलं ऊन परतून कमानीची आतली बाजू नारिंगी होते. चालणं जाऊन-येऊन पाऊण मैलाच्या आत. कमानीमागे सरळ कडा आहे, मुलीचा हात सोडू नका. पुढे ग्रँड व्ह्यू पॉइंटला पार्किंगलगतच दरी दिसते, आईबाबांना तेवढं पुरे.

येताना डेड हॉर्स पॉइंट. कोलोरॅडो नदीचं वळण तिथून २,००० फूट खाली दिसतं. हे स्टेट पार्क आहे, नॅशनल पार्कचा पास चालत नाही, वेगळे पैसे पडतात.

शेफर ट्रेलवर मात्र सेडान घालू नका. नकाशात तो मोआबला जाणारा जवळचा रस्ता वाटतो, प्रत्यक्षात कड्यावरून उतरणारी कच्ची वाट आहे. तिथे उंच, फोर-व्हील ड्राइव्ह गाडी लागते.

प्रतिसाद २
डेलिकेट आर्च: जाऊन-येऊन ३ मैल, चढ सुमारे ५०० फूट, सावली जवळजवळ नाहीच. मधला टप्पा उघड्या कातळाचा आहे. तिथे पायवाट दिसत नाही, दगडांच्या छोट्या रचलेल्या ढिगांवर नजर ठेवून चालायचं. शेवटचे २०० यार्ड कड्याच्या अंगच्या पट्टीवरून जातात. गुडघे दुखत असतील तर त्रास चढताना नाही, उतरताना होतो. तळ गुळगुळीत झालेले बूट कातळावरच्या वाळूवर हमखास घसरतात.

आईबाबांसाठी खालचा व्ह्यूपॉइंट आहे, सपाट आणि शंभरेक यार्डांचा. कमान तिथून लांबून दिसते, त्यामुळे हिरमोड होऊ शकतो. त्यापेक्षा आर्चेसमधलाच विंडोजचा भाग आणि डबल आर्च त्यांना जास्त आवडेल. दोन्ही पार्किंगपासून जवळ आहेत.

सूर्यास्त पावणेसातच्या आसपास. कमानीपाशी थांबणार असाल तर उतरताना अंधार होणार, माणशी एक हेडलॅम्प हवाच. मोबाइलच्या टॉर्चवर भागवलं तर एक हात अडकतो आणि नेमका तोच टेकायला लागतो.

प्रतिसाद ३
पाणी माणशी दिवसाला ४ लिटर, सगळं मोआबहूनच भरून घ्या. दोन्ही पार्कांत पेट्रोल नाही, टाकी आदल्या रात्री भरा. फोनला रेंज भरवशाची नाही, नकाशे आधी उतरवून ठेवा.

आर्चेसमध्ये २०२२ पासून गर्दीच्या महिन्यांत वेळ आरक्षित करून प्रवेशाची पद्धत सुरू झाली, पण तिचे नियम बदलत राहतात. निघण्याआधी पार्कच्या संकेतस्थळावर पाहून घ्या.

मुलीला आधीच सांगून ठेवा: काळी, खडबडीत, पापुद्र्यासारखी दिसणारी माती जिवंत असते. तिच्यातले सूक्ष्मजीव वाळू धरून ठेवतात, एका पावलाने मोडलेला थर भरून यायला वर्षानुवर्षं लागतात. वाट सोडायचीच तर कातळावर किंवा कोरड्या ओढ्याच्या वाळूत पाय टाका.

प्रश्नकर्ता
वेळ उरला तर एखादी अरुंद घळ, म्हणजे स्लॉट कॅनियन करावी का?

प्रतिसाद १
या दिवसात बसत नाही. आणि पुढे कधी केलीत तर नुसतं डोक्यावरचं आकाश पाहून आत शिरू नका. १९९७ च्या ऑगस्टमध्ये ॲरिझोनातल्या अँटिलोप कॅनियनमध्ये ११ जण वाहून गेले, पाऊस पडला होता कित्येक मैल वरच्या बाजूला. उघड्या कातळात पाणी मुरत नाही, सगळं घळीत येतं. वरच्या पाणलोटाचा अंदाज बघायचा, वादळाची शक्यता दिसली तर बेत रद्द.