मदत हवी आहे: होंडाजेटचं मॉडेल, थ्रॉटल दिला की नाक खाली जातं

रानवारा:
नमस्कार मंडळी,

गेले चार महिने होंडाजेटचं (होंडाचं छोटं बिझनेस जेट) रिमोटवरचं मॉडेल बनवतोय. मूळ विमानाचा पंखविस्तार 12.12 मीटर, माझा 1.21, म्हणजे बरोबर दहावा हिस्सा. धड डेप्रॉनचं (हलका फोम), पंखात कार्बनची नळी, पंखांच्या वर 50 मिलिमीटरचे दोन ईडीएफ (नळीत बसवलेले विजेचे पंखे, इंजिनांच्या जागी). बॅटरीसकट वजन 1250 ग्रॅम.

रविवारी पहिल्यांदा उडवायला नेलं. मित्राने हातातून फेकलं, मी थ्रॉटल (मोटरचा जोर) पूर्ण दिला आणि त्याने थेट नाक खाली घातलं. एलिव्हेटर (नाक वर-खाली करणारी शेपटीवरची पट्टी) शेवटपर्यंत ओढला तरी वर येईना. वीसेक पावलांवर गवतात. नाक चेपलं, बाकी वाचलं. नवं नाक बसवलं, सीजी (गुरुत्वमध्य) पुन्हा तपासला, तो प्लॅनप्रमाणेच आहे. दुसऱ्या वेळीही तेच. फक्त यावेळी घाबरून थ्रॉटल बंद केला, तर पडता पडता नाक वर यायला लागलं होतं.

हे विमान मी निवडलं ते इंजिनांच्या जागेपायीच. एवढ्या लहान जेटला इंजिनं सहसा शेपटीजवळ धडालाच लावतात. मग त्यांचा भार पेलणारा सांगाडा धडातून आरपार न्यावा लागतो आणि केबिनची जागा जाते. पंखाखाली लावावीत तर जमीन आड येते. होंडाचे इंजिनिअर मिचिमासा फुजिनो यांनी 1997 साली कॅलेंडरच्या पानामागे इंजिनं पंखाच्या वर काढली. पंखावर इंजिन म्हणजे वेगात ड्रॅग (हवेचा विरोध) वाढणारच, असं तेव्हा सगळे धरून चालायचे. त्यांच्या गटाने नॅसेल (इंजिनाचं कवच) मागे-पुढे, वर-खाली सरकवत गणितं केली, विंड टनेलमध्ये पडताळली, आणि नॅसेलचं तोंड पंखाच्या पुढच्या काठापासून मागे, रुंदीच्या साधारण 75 टक्क्यांवर आणलं तर उलट ड्रॅग कमी होतो हे दाखवलं. 3 डिसेंबर 2003 ला ग्रीन्सबरोत पहिलं उड्डाण, आणि एफएएचं (अमेरिकेची विमान नियामक संस्था) प्रमाणपत्र डिसेंबर 2015 मध्ये. बारा वर्षं! मला हे फार मोठं वाटतं, म्हणून ती जागा मी जशीच्या तशी ठेवली.

एक बदल मात्र केला. पंखावरची खवळलेली हवा ईडीएफच्या तोंडात जाईल या भीतीने पायलॉन (नॅसेल पंखाला जोडणारे खांब) उंच केले. पंख आणि नॅसेल यांत 45 मिलिमीटर फट आहे, मापाने 20 हवी होती. चूक तिथेच झाली का? पायलॉन खाली आणू, की ईडीएफना हवा कमी पडेल?

जुना टेक्निशियन:
सीजी बरोबर आहे म्हणतोस, पण तो पुढे-मागे. उंचीचा विचार केलास का? बॅटरी धडाच्या तळाशी, म्हणजे सीजी पंखाच्या जरासा वर. जोर लागतोय त्याच्या किती वर? आणि दोन्ही ईडीएफचा मिळून थ्रस्ट (पुढे ढकलणारा जोर) किती?

रानवारा:
काका, सीजी पंखाच्या 15 मिमी वर. नॅसेलचा मध्य पंखाच्या 75 मिमी वर. म्हणजे फरक 6 सेंमी. थ्रस्ट स्वयंपाकघरातल्या काट्यावर मोजला, 900 ग्रॅम.

जुना टेक्निशियन:
मग 900 गुणिले 6, म्हणजे नाक खाली वळवणारा जोर 5400 ग्रॅम-सेंमी. सीजीपासून शेपटी 50 सेंमी धरली तर नुसतं नाक सरळ ठेवायला एलिव्हेटरने शेपूट 108 ग्रॅमने खाली दाबायला हवी. हातातून सुटताना वेग नसतो, आणि टी-टेल (आडवी शेपूट उभ्या शेपटीच्या टोकावर) असल्यामुळे ईडीएफचा झोतही एलिव्हेटरला मिळत नाही. तो बिचारा दाबणार कशाने? पायलॉन 25 मिमी खाली घे, 5400 चे 3150 होतील. नॅसेलचं मागचं तोंड 5 अंश वर कर, त्याने आणखी हजारभर कमी होईल. उरलेलं ट्रान्समीटरमध्ये थ्रॉटल-एलिव्हेटर मिक्स (थ्रॉटल दिला की एलिव्हेटर आपोआप थोडा वर) लावून काढ. आणि थ्रॉटल हळूहळू दे रे बाबा.

घारीची_नजर:
काकांशी सहमत. रानवारा, 75 टक्क्यांची जादू ताशी 780 किलोमीटरच्या आसपास उडणाऱ्या विमानासाठी आहे. तिथे पंखावर शॉक वेव्ह (हवेच्या दाबाची अचानक उडी) तयार होते आणि नॅसेलमुळे ती सौम्य होते. तुमचं मॉडेल ताशी 70-80 ने जाणार, तिथे शॉक वेव्ह नाहीच. दिसायला जागा तीच ठेवा, पण उंची तोल बघून ठरवा. हवा कमी पडायची भीती सरळ उड्डाणात नको. नाक फार वर करून संथ उडवलंत तर मात्र पंखावरची सुटलेली हवा ईडीएफमध्ये जाईल, उतरताना सांभाळा.

उडवण्याआधी घरीच मोजा. पंखांची टोकं सीजीच्या रेषेत दोन खुर्च्यांवर अशी टेकवा की मॉडेल झुलेल पण पुढे सरकणार नाही. नाकाखाली काटा ठेवून शून्य करा आणि थ्रॉटल द्या.

रानवारा:
केलं! आधी जुन्याच पायलॉनवर मोजलं. पूर्ण थ्रॉटलला नाकाने काटा 85 ग्रॅमने दाबला. मग पायलॉन कापून खाली घेतले, मागे 5 अंशांची पाचर लावली. आता 40. आईने काटा परत मागितलाय, पण मिक्स लावून होईपर्यंत तो माझ्याकडेच राहणार. काका, मिक्स सुरुवातीला किती टक्के ठेवू?

जुना टेक्निशियन:
10 पासून सुरू कर, आणि ते स्विचवर घे, म्हणजे हवेत नको वाटलं तर बंद करता येईल. पहिल्यांदा अर्ध्या थ्रॉटलवर, उंच गवतावर फेका.