गच्चीवर पाणी साचतं म्हणून पत्रे मारणं हा इलाज नव्हे

गल्लीतला_इंजिनिअर (लातूर)
आमच्या भागात एकामागून एक घरावर पत्रे चढायलेत. का, तर स्लॅब गळतो. का गळतो, हे बघायला गच्चीवर कुणी जात नाही. गेलात तर दिसेल: टाकीच्या ओट्यामागं पाणी, कठड्याच्या कोपऱ्यात पाणी, आणि पाणी जायचा पाईप नेमका उंचावर. अर्ध्या घरांत तर ते पावसाचं पाणीच नसतं, टाकी भरून वाहिलेली असते.

कोब्याला, म्हणजे स्लॅबवरच्या विटा-सिमेंटच्या थराला, 10 फुटांमागं सव्वा इंच तरी उतार हवा. आपल्याकडं तो नजरेनं देतात. पाऊस थांबला की विटकरीच्या तुकड्यानं डबक्याची कड आखून ठेवा. 48 तासांनंतरही पाणी तिथंच असेल तर उतार चुकलाय. नुसता ओला डाग असेल तर सोडून द्या. पत्र्यावर पैसे घालण्याआधी एवढं तरी करा.

बीडचा_बाळू
साहेब, पत्रे काय फक्त पाण्यासाठी मारतात व्हय? मे महिन्यात वरच्या खोलीत पंखा गरम हवा फेकतो. पत्र्यानं स्लॅबवर ऊन तरी येत नाही. शिवाय लग्नकार्यात पाहुण्यांची सोय होते. आणि स्लॅब टाकल्यावर आपणच आळी बांधून पाणी भरतो की! तेव्हा नाही तो गळत?

गल्लीतला_इंजिनिअर
नव्या काँक्रीटला मुरायला पाणी लागतंच. जुन्या स्लॅबला केसाएवढ्या भेगा असतात. भिजणं-वाळणं चालू राहिलं की पाणी नि हवा सळईपर्यंत जाते, सळई गंजते, गंज फुगतो आणि खालून प्लास्टरचे पापुद्रे सुटतात. पत्र्याचं म्हणाल तर वळवाच्या वाऱ्यात ते कुठं जाऊन पडतात, ते बीडकरांना मी सांगायला नको.

औसेकर
कोबा, कोबा करताय, पण वजनाचं काय? आमच्या तालुक्यात किल्लारी आहे. दगडमातीच्या भिंती, वर जाड माळवद. गळू नये म्हणून वर्षानुवर्षं पांढऱ्या मातीचा थर चढवत गेले, आणि 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे भूकंपात तेच ओझं माणसांच्या अंगावर आलं. गळतीच्या भीतीनं डोक्यावर वजन वाढवायची आपली जुनीच खोड आहे. त्यापेक्षा पत्रे हलके.

गवंडीमामा (परभणी)
औसेकरांचं बरोबर आहे. 4 इंच विटांचा कोबा म्हणजे चौरस मीटरला 200 किलोच्या आसपास. एक इंच साचलेलं पाणी फक्त 25 किलो. म्हणून कोब्यावर कोबा कधीच करू नये. जुना उकरून काढायचा, भेगा भरायच्या, मग नवा. कठड्याच्या कडेला गोल वाटा (सिमेंटची गोलाई) घ्यायचा, पाईपाच्या तोंडाशी खळगा ठेवायचा. साधारण 40 चौरस मीटरला 4 इंची एक पाईप बास, पण जाळीत लिंबाचा पाला अडकला तर दहा पाईपही बेकार. नळीनं लेव्हल काढायला अर्धा दिवस जातो. मालक म्हणतो, "मामा, एवढं कशाला, आटपा." मग मीच वाईट.

लातूरची_लेक
2016 मध्ये आपल्या गावाला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं होतं, आठवतं का? 1000 चौरस फुटांच्या गच्चीवर 25 मिलिमीटर पाऊस पडला तर 2300 लिटरच्या आसपास पाणी होतं. तुम्ही सगळे ते घालवायचं कसं यावर भांडताय. पहिल्या पावसाचा धुरळा वाहू द्या, मग पाईप हौदाकडं वळवा.

बीडचा_बाळू
ताई, मग गच्चीवरच साचू दिलं तर काय बिघडलं? 😄

लातूरची_लेक
डेंग्यूचा डास साचलेल्या स्वच्छ पाण्यातच वाढतो, आठ-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो. साठवायचं ते खाली आणि झाकून.

बीडचा_बाळू
बरं, उतार करून घेतो. पण पत्रे मारणारच, वाऱ्याला पुरतील असे बोल्ट ठोकून. ऊन तुमच्या कोब्यानं थांबत नाही.

गल्लीतला_इंजिनिअर
उन्हासाठी मारा, माझी ना नाही. फक्त पत्र्याचं पाणी परत त्याच गच्चीवर सोडू नका. पन्हाळ लावून थेट खाली उतरवा. आणि पत्रे चढायच्या आधी मामांना बोलवा, नंतर वाकून कोबा उकरता येत नाही.

गवंडीमामा (परभणी)
दिवाळीनंतर बोलवा. आत्ता ओल्यात हात लावणार नाही.