बाल्कांव बंद करून खोली करा म्हणे!

कुळागरकर (धागा सुरू केला, रविवार रात्री १०:४०)

परवा इथेच पर्वरीकर यांनी 'बाल्कनी हवी कशाला?' असं लिहिलं. वाचलं नसेल त्यांच्यासाठी सार: गोव्यात चार महिने पाऊस, चार महिने घाम, उरलेले चार महिने डास, तर बाल्कनीत बसतो कोण? काचा लावा, खोली वाढवा. तशीही ती पोर्तुगीजांची चैन, नाटक-सिनेमातसुद्धा श्रीमंतांची जागा. आणि शब्द फारसी, बाला-खाना, म्हणजे वरची खोली. मुळात ती खोलीच! यावर चाळीस अंगठे पडले. त्यातला एक माझ्या सख्ख्या मावसभावाचा, म्हणून हे एवढं लांब लिहितोय.

आधी शब्द. बाला-खाना कानाला जुळतं, बाकी काही नाही. मूळ शब्द इटालियन 'बाल्कोने', त्यात 'बाल्को' म्हणजे मचाण, आणि त्याच्याही मागे जर्मानिक भाषांतला तुळईचा शब्द. जर्मन माणूस आजही वाशाला 'बाल्केन' म्हणतो. भिंतीतून बाहेर काढलेले वासे आणि त्यावर फळ्या, झाली बाल्कनी. यात खोली कुठे आली?

पोर्तुगीजात 'बाल्कांव' म्हणजे दुकानाचा काउंटरसुद्धा आणि थिएटरातला वरचा मजलासुद्धा. पण आमच्या दारापुढचं बाल्कांव, म्हणजे पायऱ्यांवरची ओसरी, लिस्बनच्या माणसाला दाखवा, तो म्हणेल 'आल्पेंद्र'. पर्वरीकरांच्या फ्लॅटची बाल्कनी दाखवा, तो म्हणेल 'वरांडा'. आणि वास्को द गामाच्या पहिल्या सफरीच्या रोजनिशीत १४९८ साली, कालिकतच्याच वर्णनात 'वरांडा' येतो. तो शब्द बोटीतून उतरला की बंदरावर मिळाला, यावर विद्वान अजून भांडतायत. तेव्हा 'पोर्तुगीजांनी दिली' म्हणून हात झटकू नका. नाव त्यांचं असेल, त्यावर बसून निवडलेली मेथी आमची.

आमचं घर डिचोली तालुक्यात. चार पायऱ्या, दोन्ही बाजूंना चुन्याचे सोपे, म्हणजे बसायचे बांधीव ओटे, वर मंगळुरी कौलं. सकाळी पोदेर (पाववाला), मग मासळीवाली, मग पोस्टमन. ज्यांना आत घ्यायचं नाही आणि बाहेर उभं ठेवायचं नाही, अशा माणसांसाठी ती जागा. वडील तिथे बसून अर्ध्या वाड्याची पत्रं वाचून दाखवायचे. रस्त्यावरून जाणारा 'किते, जेवलास?' विचारल्याशिवाय पुढे जायचा नाही. चौथ्या मजल्यावरची बाल्कनी मेली ती पावसाने नव्हे. तिथून पोदेराला हाक पोचत नाही, म्हणून मेली.

पर्वरीकर (रात्री ११:०५)

वा. मी फ्लॅटबद्दल लिहिलं, तुम्ही आजोबांच्या वाड्याबद्दल उत्तर दिलंत. माझ्या घरापुढे वाडा नाही, समोरच्या इमारतीची भिंत आहे. वर्षाला जवळजवळ ३००० मिलिमीटर पाऊस, तो तिरका येतो आणि दिवाणखान्यापर्यंत लादी ओली करतो. एसीचं बाहेरचं यंत्र, वॉशिंग मशीन, सिलिंडर आणि बायकोची तुळस ठेवून झाल्यावर उभं राहायला जागा उरते ती माझ्या एका पायाला. २०१६च्या रेरा कायद्यात कार्पेट एरियात बाल्कनी धरतच नाहीत, पण बिल्डरने पैसे मात्र शेवटच्या इंचापर्यंत घेतले. पैसे मी भरले, ती बंद करायची की उघडी ठेवायची हे डिचोलीहून ठरणार?

फारसीबद्दल: एका व्हॉट्सॅप लेखात वाचलं होतं. चूक असेल. त्याने डास कमी होत नाहीत.

रेतीसिमेंट (रात्री ११:३१)

पर्वरीकर बाब, डासांचं सोडा. खोली करण्याआधी एक ऐका, बावीस वर्षं साइटवर आहे.

आतल्या स्लॅबची मुख्य सळी खाली असते, कारण तो दोन्ही टोकांना टेकलेला असतो आणि मधे वाकतो. बाल्कनीचा स्लॅब एकाच बाजूने धरलेला, म्हणून ताण वरच्या अंगाला येतो आणि मुख्य सळी वर लागते. आता काँक्रीट ओतताना गडी घमेली घेऊन त्याच सळ्यांवरून फिरतात. खाली खुर्च्या, म्हणजे सळी वर तोलून धरणारे आधार, नीट लावल्या नसतील तर वरची सळी दबून खाली बसते. नकाशात सगळं बरोबर, आत सगळं उलटं, आणि बाहेरून कोणाला दिसत नाही. तुम्ही त्याच्या टोकावर, म्हणजे सगळ्यात वाईट जागी, विटांची भिंत चढवणार. वर कुंड्या. त्यात आमची खारी हवा, सळी गंजली की फुगते आणि काँक्रीट फोडते. खालून चुना झडला की लोक पुट्टी मारतात. पुट्टी मारून सळी जाड होत नाही.

मी एक बाल्कनी उतरताना पाहिली आहे. दुपारची वेळ होती, खाली कोणी नव्हतं. फक्त स्कूटर गेली. माझीच.

दिवो_पेटयना (सोमवार सकाळी ७:५०)

बंद करा, उघडी ठेवा, आधी त्यात माणूस आहे का ते बघा! आमच्या इमारतीत चोवीस फ्लॅट, त्यातल्या सतरांत दिवा लागत नाही. मालक दिल्ली-गुरगावचे, डिसेंबरात दहा दिवस येतात. सुंदर लाकडी पट्ट्यांच्या बाल्कन्या, वेताच्या खुर्च्या, वर कबुतरांची शीट. पाण्याची टाकी साफ करायची तर वर्गणी मागायला मी फोन लावतो आणि पलीकडून आवाज येतो, 'भैया, वी आर नॉट यूजिंग द प्रॉपर्टी.' बायलो, बाल्कनी म्हणे!

पर्वरीकर (सकाळी ८:१२)

मीही बाहेरचाच, मिरजेचा. अकरा वर्षं इथे राहतोय, दिवा रोज लावतो, वर्गणी भरतो. सरसकट बोलू नका.

दिवो_पेटयना (सकाळी ८:१५)

तुम्हाला कोण बोललं? मनाला लागलं असेल तर बघा बाबा.

तिसरी पायरी (सकाळी ९:२०)

कुळागरकरांचं एक वाक्य पुन्हा वाचतो: 'ज्यांना आत घ्यायचं नाही आणि बाहेर उभं ठेवायचं नाही.' किती गोड लिहिलंय. कोणाला आत घ्यायचं नाही, तेही लिहा ना. माझी आजी तुमच्यासारख्याच एका घरात भात झोडायला जायची. तिला सोप्यावर कोणी बसवलं नाही. ती खालून तिसऱ्या पायरीवर. चहा करवंटीत. तुमचं बाल्कांव तिला आयुष्यभर दिसलं ते असं, मान वर करून. मी आज तिसऱ्या मजल्यावर राहतो. माझ्या बाल्कनीला पायऱ्या नाहीत, मला फार आवडते.

कुळागरकर (सकाळी ११:४६)

'आमच्याकडे तसं नव्हतं' असं लिहिलं होतं. पाठवण्याआधी आईला फोन केला. होतं, म्हणाली. करवंट्या मागच्या पडवीत एका खुंटीवर असायच्या. तेव्हा याला माझ्याकडे उत्तर नाही. बाकीचा मुद्दा मात्र सोडत नाही.

झांज (सकाळी ११:५८)

मूळ लेखातलं 'नाटक-सिनेमातसुद्धा श्रीमंतांची जागा' हे वाक्य कोणी पकडलंच नाही, म्हणून मी पकडतो. अर्धं खोटं आहे. सिनेमात बाल्कनी महाग, नाटकात स्वस्त. सिनेमात पुढे बसलं तर मान मोडते, म्हणून लांब आणि वर ती चांगली जागा. नाटकात चेहरा दिसायला हवा, श्वास ऐकू यायला हवा, म्हणून पहिल्या रांगा महाग आणि बाल्कनीत कॉलेजची पोरं. एकाच शब्दाचे दोन उलटे दर. युरोपातही तेच. व्हेनिसमध्ये १६३७ साली तिकीट लावून पहिलं ऑपेरागृह उघडलं, तेव्हापासून मधल्या बॉक्समध्ये धनिक आणि पार वर, छताला डोकं लागेल तिथे, गरीब शौकीन.

स्टॉलवाला (दुपारी १२:१०)

गरीब शौकीन म्हणे! आमच्या मडगावात बाल्कनीत बसायची ती डॉक्टर-वकिलांची मंडळी, मध्यंतरात कोल्ड्रिंक पिऊन रिकाम्या बाटल्या सीटखाली घरंगळत सोडायची. शिट्ट्या मारल्या आम्ही, स्टॉलमधून, म्हणजे खालच्या स्वस्त खुर्च्यांवरून. सिनेमा चालवला आम्ही. आणि एकदा वरून माझ्या डोक्यावर च्युइंगम पडलं, केस कापावे लागले. १९८९. विसरलेलो नाही.

झांज (दुपारी १२:१८)

मी नाटकाबद्दल बोलतोय, तुम्ही च्युइंगमबद्दल.

मिलानच्या ला स्काला ऑपेरागृहात सगळ्यात वरच्या गॅलरीला 'लोज्जोने' म्हणतात. तिकीट स्वस्त, कान तिखट. २००६ साली रॉबेर्तो आलान्या या नावाजलेल्या गायकाचं पहिलं गाणं संपलं, वरून हुर्यो झाली आणि तो चालू प्रयोगातून चालता झाला. बदली गायक साध्या कपड्यांत रंगमंचावर आला. खालचे पैसेवाले टाळ्या वाजवून गप्प बसतात, सूर चुकला हे वरचा सांगतो.

स्टॉलवाला (दुपारी १२:२५)

हुर्यो करणं म्हणजे जाणकारी होय? मग आमच्या शिट्ट्यांनी काय पाप केलं? मिलानची हुर्यो ती रसिकता आणि मडगावची शिट्टी ती हुल्लड. शाणो!

वत्सलामावशी (दुपारी १:०२)

अरे पोरांनो, जेवा आधी.

जत्रेच्या नाटकाला कसली बाल्कनी? देवळापुढे मांडव, पुढे पोरं, मागे पुरुष. आम्ही बायका अग्रशाळेच्या (देवळाच्या धर्मशाळेच्या) माडीवरच्या कठड्याशी, आईच्या लुगड्याच्या घडीवर. रात्री अकराला नांदी आणि पहाटे गाडी पकडून घरी. तिथून चेहरे काही दिसायचे नाहीत. पण पद लागलं की शब्द न् शब्द वर यायचा, कारण गाणारा शेवटच्या माणसासाठी गायचा. गद्य मात्र हळू बोलले की अर्धं हरवायचं, मग शेजारची म्हातारी तिला वाटेल ते संवाद आम्हाला सांगायची. कितीतरी नाटकं मला तिच्याच शब्दांत पाठ आहेत. पुढे माइक आले आणि नट कुजबुजायला शिकले.

झांज (दुपारी १:२०)

मावशी, हे लाखातलं. माइक आल्यावर बाल्कनीला नाटक ऐकू आलं खरं, पण गळा फेकायची तालीम गेली.

आणि बाल्कनीचा विषय आहे तर पणजीची कला अकादमी विसरू नका. वास्तुकार चार्ल्स कोरियांची इमारत. आतल्या नाट्यगृहाच्या भिंतींवर व्यंगचित्रकार मारियो मिरांडांनी जुन्या थिएटरांसारखे सज्जे रंगवले आणि त्यात माणसं बसवली. म्हणजे शेजारी चित्रातला प्रेक्षक. नाटक रिकामं असलं तरी घर भरल्यासारखं.

स्टॉलवाला (दुपारी १:३१)

सगळ्यात शिस्तीचे प्रेक्षक तेच. खोकत नाहीत, मोबाइल वाजत नाही, च्युइंगम टाकत नाहीत. मान्य, त्या बाल्कनीबद्दल माझी तक्रार नाही.

शुद्धलेखन (दुपारी २:१५)

एवढी चर्चा झाली, 'सज्जा' हा मराठी शब्द एकदाच आला, तोही चुकून. बाल्कनी, बाल्कांव, गॅलरी! घराच्या सोप्याला बाल्कांव म्हणणं हे...

गिरगावातून (दुपारी २:२२)

आमच्याकडे गॅलरीच म्हणतात. आणि चाळीची गॅलरी म्हणजे रस्ता, सज्जा नव्हे. त्यातून पन्नास घरं चालत जातात. तिथे हाक मारावी लागत नाही, कानात पडतंच.

कुळागरकर (दुपारी २:३०)

शुद्धलेखन, 'सज्जा' म्हटलं की डोळ्यांपुढे राजवाडा येतो आणि खाली हत्ती. बाल्कांव म्हटलं की आई येते. १९८७ साली कोकणी राजभाषा झाली, त्याआधीही आमच्या तोंडी बाल्कांवच होतं आणि नंतरही. तुम्ही पुढे काय लिहिणार ते माहीत आहे.

संपादक (दुपारी २:४१)

भाषावादाचे सात प्रतिसाद काढले आहेत. त्यासाठी जुना धागा आहे, तिकडे जा. तिथे अजून कोणी दमलेलं नाही.

पर्वरीकर (सोमवार रात्री ९:५५)

रेतीसिमेंट, आज बाहेरून वाकून खालची बाजू बघितली. चुना दोन ठिकाणी सुटलाय, एक सळी दिसते. मिस्त्रीला विटांची भिंत नको म्हणून सांगितलं. कुळागरकरांमुळे नव्हे, हे नोंदवून ठेवा.

आणि आणखी एक. संध्याकाळी साडेसातला लाइट गेली. मोबाइल चार टक्के. बाहेर आलो तर सगळी इमारत बाहेर. समोरच्या इमारतीतले गृहस्थ, ज्यांना मी अकरा वर्षं फक्त बनियनवर ओळखतो, ओरडून म्हणाले, 'तुमच्याकडे पण गेली?' म्हटलं, गेली. मग पंधरा मिनिटं बोललो. ते कागलचे निघाले. तर मान्य, आवाज पोचतो. पण हे लाइट जाण्यापुरतंच.

दिवो_पेटयना (रात्री १०:०१)

म्हणजे आठवड्यातून तीनदा. भरपूर झालं.

कुळागरकर (रात्री १०:०४)

मावसभावाने अजून अंगठा काढलेला नाही. पर्वरीकर, तुम्हीच त्याला सांगा, माझं तो ऐकत नाही.

रेतीसिमेंट (रात्री १०:१०)

गप्पा मारा हो, पण सळी दिसतेय म्हणालात ना? त्या समोरच्यांना म्हणावं, तुम्ही बोला, मी आत दारात उभा राहून ऐकतो. आणि टोकावरच्या कुंड्या उद्या सकाळी आत घ्या. तुळस आधी.