शब्दचर्चा: ‘ब्रोकन टाइम’ला मराठीत काय म्हणावं? आणि रग्बीतली ‘युनियन’ नक्की कुणाची?

टाकसाळ

एका लेखाचं मराठी करते आहे. विषय : रग्बी लीग आणि रग्बी युनियन या दोन खेळांच्या चाहत्यांमधलं हाडवैर. अडले आहे, मदत करा.

आधी माझी फजिती सांगते. लालबागला वाढलेल्या माणसाला ‘युनियन’ म्हटलं की गेटसभा आठवते आणि ‘लीग’ म्हटलं की लिलाव, संघमालक, चिअरलीडर. त्यामुळे युनियन म्हणजे कामगारांचा खेळ आणि लीग म्हणजे पैसेवाल्यांचा, असं धरून दोन पानं लिहून मोकळी झाले. तिसऱ्या पानावर कळलं, सगळं बरोब्बर उलटं आहे.

आता मुख्य प्रश्न. भांडणाच्या मुळाशी ‘ब्रोकन टाइम’ नावाची भानगड आहे. ‘मोडका वेळ’ लिहिलं तर लोक हसतील. ‘वेतनहानी भरपाई’ हे मंत्रालयातल्या परिपत्रकासारखं वाटतं. काय करावं?

जाता जाता : अमॅच्युअर = हौशी, प्रोफेशनल = व्यावसायिक. एवढं चालेल ना?

लीड्सवासी

टाकसाळ, तुमची फजिती फार स्वाभाविक आहे. इथे येऊन पहिली दोन वर्षं मीही हेच समजत होतो. ‘युनियन’ इथे कामगार संघटना या अर्थानं नाहीच. १८७१ साली लंडनला ‘रग्बी फुटबॉल युनियन’ स्थापन झाली, ती शिस्तीत खेळणाऱ्या सुखवस्तू क्लबांची. गंमत म्हणजे १८९५ साली जे क्लब तिच्यातून फुटले त्यांनीही आपल्या संघटनेला ‘नॉर्दर्न युनियन’च म्हटलं. म्हणजे दोन्हीकडे युनियनच! ‘लीग’ हे नाव आधी ऑस्ट्रेलियात रुळलं, इंग्लंडनं ते १९२२ मध्ये घेतलं. त्यामुळे नावांवरून वर्ग ओळखायला जाऊ नका.

‘ब्रोकन टाइम’चा संदर्भ सांगतो, मग शब्द कुणीतरी सुचवेल. उत्तर इंग्लंडातल्या यॉर्कशर-लँकाशरमधले खेळाडू खाणीत, गिरणीत, गोदीत कामाला. सामना शनिवारी दुपारी. लांबच्या गावी जायचं तर सकाळची पाळी सोडावी लागे, आणि पाळी सोडली की त्या दिवसाची मजुरी गेली. ती बुडालेली मजुरी क्लबनं भरून द्यावी, एवढंच मागणं. खेळण्याचा पगार नव्हे. १८९३ च्या सप्टेंबरात लंडनच्या सभेत यॉर्कशरच्या मंडळींनी तसा ठराव मांडला आणि तो २८२ विरुद्ध १३६ मतांनी आपटला.

वरच्यांना भीती कसली होती, तेही बघा. सॉकरचं उदाहरण त्यांच्या डोळ्यांपुढे ताजं होतं. १८८३ साली ब्लॅकबर्न ऑलिंपिक या गिरणगावच्या संघानं ईटन या बड्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांना हरवून एफए कप ही सॉकरची मानाची स्पर्धा जिंकली, १८८५ साली पैसे घेऊन खेळणं अधिकृत झालं आणि पाहता पाहता खेळ साहेबांच्या हातून निसटला. रग्बीत तसं होऊ द्यायचं नव्हतं.

२९ ऑगस्ट १८९५ ला हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तरेचे क्लब जमले आणि वेगळे झाले. पहिल्या हंगामात २२ क्लब होते. भरपाई किती ठरली? दिवसाला ६ शिलिंग. त्यावर शंभर वर्षं बोलणं बंद.

चाळ नंबर तीन

अहो, हा तर खाडा!

माझे वडील गिरणीत साच्यावर होते आणि कबड्डी खेळायचे. बाहेरगावी स्पर्धा असली की मस्टरवर खाडा. पगाराच्या दिवशी आई पाकीट हातात घेऊन विचारायची, “किती खाडे?” जिंकून आणलेली ढाल भिंतीवर असायची, पण खाड्याचे पैसे गेले ते गेलेच. गिरणीनं कधी दिले नाहीत आणि मंडळाकडे नव्हतेच.

तेव्हा ब्रोकन टाइम = खाडा. ब्रोकन टाइम पेमेंट = खाड्याची भरपाई. विषय संपला.

शब्दखोडी

विषय संपला म्हणू नका, आत्ता कुठे सुरू होतोय.

‘खाडा’ उत्तम. एकच शंका. आज शहरात खाडा म्हटलं की दुधाचा किंवा मोलकरणीचा, कॅलेंडरच्या चौकोनात फुली मारून ठेवतात तो. तिथे खाडा म्हणजे समोरच्याचा कसूर आणि पैसे कापायचा आपला हक्क. टाकसाळ यांच्या लेखातला खाडा कामगाराच्या बाजूनं बघायचा आहे. शब्द तोच, पण पाकीट कुणाच्या हातात आहे त्यावर त्याची चव बदलते. ‘बुडालेला रोज’ म्हटलं तर सहानुभूती आपोआप येते, पण बोजड होतं. मी खाडाच ठेवीन आणि पहिल्यांदा येईल तिथे एका वाक्यात उलगडीन.

आता हौशी-व्यावसायिक. इथे मात्र सावध. हौशी हा शब्द अमॅच्युअरला इतका चपखल बसतो की संशय यावा : अमॅच्युअरच्या पोटात लॅटिनमधलं ‘प्रेम’ आहे, आपल्या हौसेच्या पोटात अरबी ‘हवस’. दोन्ही मनाच्या ओढीचे. पण मराठीत ‘हौशी’ किंचित कमीपणाचा आहे. ‘हौशी कलाकार’ म्हटलं की प्रेक्षक सांभाळून घ्यायच्या तयारीनं बसतात. व्हिक्टोरियन इंग्लंडमध्ये अमॅच्युअर हा वरचा दर्जा होता आणि प्रोफेशनल ही जवळपास शिवी.

त्या शिवीला मराठीत नेमका शब्द आहे : धंदेवाईक. जुन्या नाट्यविषयक लेखनात ‘धंदेवाईक रंगभूमी’ सर्रास दिसते. पुढे धंद्याला वास येऊ लागला म्हणून आपण तिला ‘व्यावसायिक’ केलं. तर १८९५ च्या लंडनकरांच्या तोंडी ‘धंदेवाईक’ घाला आणि १९९५ नंतर ‘व्यावसायिक’. शंभर वर्षांत मूळ शब्द तोच राहिला, भाव वधारला. मराठीत दोन शब्द आहेत, तर वापरा की.

आणि हो, ‘पब्लिक स्कूल’चं ‘सार्वजनिक शाळा’ केलं असेल तर आत्ताच खोडा. भरमसाट फी घेणाऱ्या खासगी शाळा त्या.

टाकसाळ

केलं होतं. खोडलं.

सिडनीकर

ऑस्ट्रेलियातली भर घालतो. इथे शब्दांनीच माणूस पकडता येतो. सिडनीत कुणी ‘फुटी’ म्हणाला तर तो लीगबद्दल बोलतोय. ‘रग्बी’ म्हणाला तर युनियन, आणि बहुधा कुठल्या शाळेत गेला होता तेही पुढच्या दोन मिनिटांत कळेल. (मेलबर्नला फुटी म्हणजे तिसराच खेळ, ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल. तिकडे जाऊ नका.) लीगवाले युनियनवाल्यांना ‘रा-रा’ म्हणतात, म्हणजे पॅव्हेलियनमध्ये बसून हुर्रे करणारे. युनियनवाले लीगवाल्यांना ‘मंगो’ म्हणतात. याला फळाचा वास नाही, मठ्ठपणाचा आहे.

फाटाफुटीचं कारण इथेही खाडाच. १९०७ साली ॲलेक्स बर्डन नावाचा खेळाडू युनियनकडून खेळताना जायबंदी झाला, कामावर जाता येईना, आणि भरपाई देणार कोण हा वाद पेटला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सिडनीत लीगची स्थापना झाली. पहिला खजिनदार कोण, माहीत आहे? क्रिकेटवाल्यांनो, बसून घ्या : ऑस्ट्रेलियाचा नामांकित फलंदाज व्हिक्टर ट्रंपर. बैठका त्याच्याच खेळसाहित्याच्या दुकानात व्हायच्या.

आणखी एक शब्द घ्या. त्याच साली आल्बर्ट बास्करविल या टपाल खात्यातल्या कारकुनानं न्यूझीलंडहून एक संघ जमवून इंग्लंडला नॉर्दर्न युनियनशी खेळायला नेला. न्यूझीलंडचा युनियन संघ ‘ऑल ब्लॅक्स’, म्हणून सिडनीच्या वर्तमानपत्रांनी या पैसे घेणाऱ्यांना टोमणा मारला, ‘ऑल गोल्ड्स’. सगळे सोन्याचे! टोमणा पुढे अभिमानाचं नाव झाला. दौऱ्याहून परतताना बास्करविल ब्रिस्बेनमध्ये न्यूमोनियानं गेला, पंचविशीत.

मिसळवाला

‘ऑल गोल्ड्स’चं मराठी ‘सोनेरी टोळी’ करा. टोमणाही राहील.

शब्दखोडी

छान आहे. पण ब्लॅक्सवरची कोटी मेली. तसंच ठेवून एका ओळीत सांगावं.

टाकसाळ

वर्गाचे शब्द कोणते वापरू? मी युनियनवाल्यांना ‘पांढरपेशे’ म्हटलं आहे.

चाळ नंबर तीन

आमच्यासाठी शर्ट इनमध्ये घालणारा प्रत्येक जण पांढरपेशा होता. चालेल की.

लीड्सवासी

मला नाही चालणार. पांढरपेशा म्हणजे कारकून, मास्तर, बँकेतला माणूस. खाडा पडला तर त्यालाही झळ बसते. १८९५ मध्ये लंडनला सूत्रं होती ती वकील, दलाल, जमीनदारांची पोरं यांच्याकडे. ‘खानदानी’ किंवा सरळ ‘साहेब’ म्हणा. आज मात्र ट्विकेनहॅमच्या, म्हणजे इंग्लंडच्या युनियन संघाच्या मैदानावरच्या, गर्दीला पांढरपेशे म्हटलंत तर हरकत नाही.

आमच्याकडच्या चिडवाचिडवीतले शब्द हवे असतील तर : लीगवाले युनियनला ‘किक ॲण्ड क्लॅप’ म्हणतात. लाथ मारा, टाळ्या वाजवा, पुन्हा लाथ मारा. ‘यॉनियन’ असंही म्हणतात, जांभयांची युनियन. ‘रग्गर’ हा शब्द लीगवाल्याच्या तोंडी चेष्टेशिवाय यायचा नाही. सॉकर, रग्गर ही ‘अर’वाली लाडकी रूपं बड्या शाळा-कॉलेजांतली. विगनमध्ये किंवा सेंट हेलेन्समध्ये नुसतं ‘रग्बी’ म्हणतात ते लीगला. दक्षिणेत नुसतं ‘रग्बी’ म्हणजे युनियन. दोघांचंही म्हणणं एकच : खरी ती आमची, तुमच्या पुढे शेपूट जोडा.

पण टाकसाळ, लेखात एक पूल बांधून ठेवा, नाहीतर सगळंच काळं-पांढरं होईल. वेल्समध्ये युनियन हा खाणकामगारांचाच खेळ. तिथे अमॅच्युअर नियमाला वळसा घालायची रीत होती, तिला म्हणत ‘बूट मनी’. सामन्यानंतर बुटात नोटा सापडायच्या, कुणी ठेवल्या देव जाणे. ज्यांचं त्यावर भागत नसे ते ‘नॉर्थला जायचे’, म्हणजे उत्तर इंग्लंडच्या लीग क्लबात सही करायचे. १९६७ साली डेव्हिड वॉटकिन्स सॅल्फर्डला गेला, १९८९ साली जोनाथन डेव्हिस विडनेसला. गेला की युनियनचे दरवाजे बंद. ‘नॉर्थला गेला’ हे गावात एखादा मेल्यासारखं सांगत, पण हेवाही असे त्यात.

शब्दखोडी

बूट मनीला ‘टेबलाखालून’ करण्याचा मोह होईल. करू नका. टेबलाखालून म्हणजे लाच, देणारा अडलेला असतो. इथे घेणारा अडलेला आहे. ‘बुटातले पैसे’ सरळ लिहा, समजतं.

चाळ नंबर तीन

आमच्याकडे याचं सभ्य रूप होतं : नोकरी. बँक, रेल्वे, मोठी कंपनी खेळाडूला नोकरीवर घ्यायची. मस्टरवर सही, मग मैदान. खाडा नाही, उलट बढती. स्पर्धेच्या पत्रकात अशा संघांचा ‘व्यावसायिक गट’ वेगळा छापलेला असतो. आणि कबड्डीच्या राष्ट्रीय संघटनेच्या नावात अजून ‘अमॅच्युअर’ आहे, तिच्याच मान्यतेनं २०१४ पासून खेळाडूंचे लिलाव होतात. इंग्रजांनी यावर शंभर वर्षं भांडण केलं, आपण नाव बदलायचेही कष्ट घेतले नाहीत.

सिडनीकर

टाकसाळ, वर्गाच्या शब्दांत एक भन्नाट जोडी राहिली. ‘सिल्व्हरटेल’ आणि ‘फायब्रो’. ही लीगच्या आतलीच भांडणं आहेत. १९७८ च्या सुमारास वेस्टर्न सबर्ब्ज संघाचा प्रशिक्षक रॉय मास्टर्स यानं मॅन्लीविरुद्ध पोरांना पेटवायला ही जोडी वापरली. मॅन्ली समुद्रकिनाऱ्यावरचे, ते सिल्व्हरटेल, म्हणजे बंगलेवाले. आपण फायब्रो, म्हणजे ॲस्बेस्टॉस-सिमेंटच्या पत्र्यांच्या घरांत राहणारे. कामगारांच्या खेळातही वरची आळी-खालची आळी निघतेच.

मिसळवाला

‘बंगलेवाले विरुद्ध पत्रेवाले’. हे मात्र मूळापेक्षा सरस झालं.

लीड्सवासी

शब्दावरूनच आलो आहोत तर फ्रान्स सांगितल्याशिवाय राहवत नाही. तिथे तर ‘रग्बी’ हा शब्दच काढून घेतला होता. १९३४ नंतर फ्रान्समध्ये लीग झपाट्यानं वाढली. मग युद्ध, जर्मनांपुढे शरणागती, विशी या गावातून चालणारं जर्मनधार्जिणं सरकार. १९४१ च्या डिसेंबरात त्या सरकारचे प्रमुख पेतां यांच्या हुकुमानं लीगच्या संघटनेवर बंदी आली, मालमत्ता जप्त. युद्धानंतर खेळ परत सुरू झाला, पण ‘रग्बी’ म्हणायचं नाही! अधिकृत नाव ‘ज्य आ त्रेझ’, तेरा जणांचा खेळ. (लीगमध्ये १९०६ पासून तेरा खेळाडू, युनियनमध्ये पंधरा.) ‘रग्बी’ हा शब्द त्यांना अधिकृतपणे परत मिळायला १९९० चं दशक उजाडलं. चाहत्यांची नावंही आकड्यांवरून : त्रेझिस्त आणि कँझिस्त.

चाळ नंबर तीन

तेरावाले नि पंधरावाले. आपल्याकडे तेरावा म्हटलं की जेवणावळ.

टाकसाळ

हसू आवरत नाही, पण लेख उद्या द्यायचा आहे. शेवटचं एक. १९९५ मध्ये युनियननं पैसे घ्यायला परवानगी दिली, तिथे मूळ लेखात ‘ओपन’ असा शब्द आहे. ‘खुला’ म्हणू?

लीड्सवासी

‘खुला’च म्हणा. मुद्दाम निवडलेला शब्द आहे तो. ऑगस्ट १९९५ च्या अखेरीस, हडर्सफील्डच्या बैठकीला शंभर वर्षं भरायला दोन-तीन दिवस उरलेले असताना, पॅरिसमध्ये बसून युनियनच्या कारभाऱ्यांनी खेळ ‘ओपन’ झाल्याचं जाहीर केलं. ‘प्रोफेशनल’ म्हणायला जीभ वळली नसावी. पुढच्याच मे महिन्यात लीगचा विगन आणि युनियनचा बाथ हे क्लब दोन सामने खेळले : लीगच्या नियमांनी विगन ८२–६, युनियनच्या नियमांनी बाथ ४४–१९. दोन्ही बाजूंचे चाहते आपापला आकडा तेवढा लक्षात ठेवतात.

टाकसाळ

मग हे वाक्य पक्कं करते, बघा : “खेळाडूंना खाड्याची भरपाई मिळावी, एवढंच यॉर्कशरचं मागणं होतं, लंडननं त्यांना धंदेवाईक ठरवलं.”

शब्दखोडी

सुरेख. फक्त ‘मागणं’ नको, ‘मागणी’ करा. मागणं देवाकडे मागतात.

चाळ नंबर तीन

त्या सभेत बसलेले स्वतःला दुसरं काय समजत होते? राहू द्या ‘मागणं’.